दुपट्टा टांगला होता

विलास, तू गेल्यावर तुझ्या बाबतीत मी पहिलं काम केलं ते खोटं बोलण्याचं. तेही तुझ्याच विरुद्ध. आज तुझी तेरवी आटोपून घरी आलो, पाय धुतले, अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि म्हटलं, आता तुला सगळं सांगून टाकावं. तू आधी एक शिवी हासडली असतीस. मग खिशातली तंबाखूच्या खर्र्याची पुडी चोळत म्हणाला असतास, "सांग आता पूर्ण. अर्ध्यात नको सोडू."

तर पूर्णच सांगतो.

कंपनीच्या ऑफिसात चौकशी झाली. एसी इतका गार होता की माझ्या घामेजल्या पाठीवर काटा आला. टेबलापलीकडे साहेब लोक, अलीकडे मी एकटा. त्यातला एकही जण तुझं नाव घेत नव्हता. मयताने असं केलं, मयताने तसं केलं. मी एकदा मध्येच म्हटलं, "साहेब, त्याचं नाव विलास." त्यांनी मान हलवली आणि पुढचं वाक्य पुन्हा मयतापासूनच सुरू केलं. मला तिथंच उठून जावंसं वाटलं, पण बसलो. तुझ्यामाझ्यात राग गिळणारा नेहमी मीच होतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सांडपाण्याच्या टाकीवरचा गॅस सेन्सर तू थांबवून ठेवलास आणि तसाच सोडून निघून गेलास, म्हणून माणूस आत उतरला, म्हणून तुलाही उतरावं लागलं. सगळं तुझ्यापासून सुरू आणि तुझ्यावरच खतम. मेलेल्या माणसावर दोष ठेवण्यात एक सोय असते, तो उलट बोलत नाही. आणि तू तर जिवंतपणी किती उलट बोलायचास.

तुला आठवतं का, मी हिंगण्याच्या प्लँटात लागलो तेव्हा तूच माझ्या हातात पहिल्यांदा तो कम्युनिकेटर दिला होतास? पिवळ्या रबराच्या खोळीतला, दोन वायरींना दोन चिमटे, एवढासा पडदा. चिमटे सेन्सरच्या तारांना लावायचे आणि आतल्या आत त्याच्याशी बोलायचं: तुझा आकडा काय, तुला काय दुखतं, मागच्या वेळी कुणी काय बदललं. मी घाबरून एकेक बटण मोजून दाबत होतो. पडद्यावर येत होतं की पलीकडून उत्तर नाही. मी म्हटलं, "हा काहून बोलून नाही राहिला?" तू म्हणालास, "तू वरडून राहिला ना त्याच्यावर. थांब जरासा. त्याले सवड दे." खरोखरच, घाई केली की जोडणी तुटायची. मी पंधरवडाभर घाई करत राहिलो आणि तू शेजारी उभा राहून हसत राहिलास.

सेन्सरशी तू बोलायचास ते ऐकून नवी माणसं तुला वेडा समजायची. "बोल गा बाबू, काय झालं तुले?" घरी मात्र तुझ्या या विद्येची किंमत शून्य होती. नंदनवनच्या तुझ्या घरातल्या कूलरला तू भंगारातला तरंगता गोळा आणि घंटी बसवली होतीस, पाणी कमी झालं की वाजावी म्हणून. ती भरदुपारी वाजायला लागली आणि शोभावहिनींनी तिच्या तोंडात कापूस कोंबला. "मले देवानं डोये देले आहेत," त्या म्हणाल्या, "टाकीत वाकून पाहाले काय होते?" तू आठवडाभर रुसून होतास. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की तुम्हा दोघांत शहाणं कोण ते ठरलं.

आता त्या दुपट्ट्याचं.

सेन्सर तपासायचा म्हणजे त्याच्यावर खरा गॅस सोडून पाहावा लागतो. तेव्हा सगळ्या प्लँटचा भोंगा वाजू नये म्हणून कम्युनिकेटरवरून त्याला आधी थांबवून ठेवायचं. मग तो शेवटचा आकडा धरून बसतो. टाकीत काहीही होवो, कंट्रोल रूमच्या पडद्यावर तोच आकडा आणि डोक्यावर तोच हिरवा दिवा. म्हणजे तेवढा वेळ तो सरळ खोटं बोलत असतो, आणि आपणच त्याला तसं बोलायला सांगितलेलं असतं. नियमाप्रमाणे तेव्हा कंट्रोल रूमला फोन करायचा आणि लाल पाटी लावायची. तू काय करायचास? खांद्यावरचा घाम पुसायचा दुपट्टा काढून सेन्सरच्या डोक्यावर टाकायचास आणि खाली मानेशी गाठ मारायचास. एक नाही, दोन. दिवाही झाकला जायचा. विलासचा दुपट्टा दिसला की या सेन्सरवर आज भरवसा नाही, हे सगळ्या प्लँटला ठाऊक होतं.

यावरून आपण किती वर्षं भांडलो. नंदनवनहून हिंगण्यापर्यंत अख्खं नागपूर आडवं कापत जायचं, मी गाडी चालवायची, तू मागे बसून माझ्या कानात बडबडायचं. मी म्हणायचो, "कापड आहे ते, कोनीबी उचलून नेईन. पाटी लाव, फोन कर." तू म्हणायचास, "पाट्या जागोजागी लटकल्या आहेत, कोन वाचते? अन् फोनवर सांगतलेलं शिफ्ट बदलली का पुसून जाते. दुपट्टा पाह्यला का मानूस आठोते. का विलास इथंच कुठी आहे, त्याले विचारू." मी म्हणायचो, "अन् ज्याले विलास मालूम नाही त्यानं काय करावं?" तू हसायचास. "असा कोन आहे आपल्या प्लँटात?"

होता, विलास. ठेकेदाराकडे नुकताच लागलेला केशव. उमरेडकडचा, चाळिशीचा, मान खाली घालून काम करणारा. त्याला तू ठाऊक नव्हतास. दुपट्ट्याचा नियम ठाऊक असण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण तो नियम कुणी कुणाला सांगतच नसे. आम्हा सगळ्यांना तो इतका ठाऊक होता की सांगायची गोष्ट आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी उकाडा असा होता की श्वास घेतला तरी घाम फुटावा. टाकीच्या भिंतीला लागून कडुनिंब आहे, त्याचं पान हलत नव्हतं. तू सेन्सर थांबवलास, दुपट्टा बांधलास आणि पाहिलंस तर तपासणीचा सिलिंडर रिकामा. दुसरा आणायला स्टोअरकडे गेलास. तेवढ्यात पंपाच्या जाळीत कचरा अडकला आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरने केशवला पाठवलं. जाताना सांगितलं, "वरचा दिवा हिरवा असन त उतर, नाही त वापस ये."

केशव आज्ञाधारक माणूस. तो आधी दिवा पाहायला गेला. दिव्यावर दुपट्टा.

पुढचं मी त्याच्या तोंडून दवाखान्यात ऐकलं. नाकातली नळी नुकतीच काढली होती, बोलताना छाती वाजत होती. "भाऊ," तो म्हणाला, "दिवा दिसून नोयता राहिला. गाठ सोडाले गेलो, सुटेना. मंग टोपीवानी वरून ओढून काढला. पाह्यलं त दिवा हिरवा. अन् वास लय होता, म्हून तोच दुपट्टा नाकाले बांधला अन् उतरलो." मग छताकडे बघत म्हणाला, "मले काय मालूम गा भाऊ. मी त दिवाच पाह्याले गेलो होतो."

समजतं ना तुला? त्याने तुझी खूण काढली ती निष्काळजीपणाने नाही. काळजी घेण्यासाठी काढली. मी त्याला काय बोलणार होतो? मनात त्याचा गळा धरला होता मी. तिथं पोचेपर्यंत ठरवून गेलो होतो की ज्याच्यापायी तू गेलास त्याच्या तोंडावर दोन शब्द फेकून यायचे. त्याच्या खाटेशी त्याची बायको बसली होती, तिने उठून मला स्टूल दिलं. मी बसलो.

तो म्हणाला, "मी साहेबाले सांगतो भाऊ, का म्या काढला." मी म्हटलं, "एक शब्द बोलशीन तर पाह्य." का म्हटलं ते तेव्हा मलाही कळलं नाही. नंतर कळलं. साहेबांना एक मान हवी होती. तुझी तर हाताशी होतीच, पण जिवंत आणि त्यातही ठेकेदाराच्या माणसाची मिळाली असती तर त्यांनी तीही सोडली नसती. नोकरी गेली असती, पोलिसांचं झेंगट मागे लागलं असतं, आणि वर सगळ्यांनी म्हटलं असतं की विलासला यानेच मारलं. ज्याला तू वर काढलास त्याला मी पुन्हा खाली कसा ढकलू?

कारण काढलं तूच त्याला. तू सिलिंडर घेऊन परतलास तेव्हा तो आत बेशुद्ध पडला होता. मी बॉयलरकडे होतो, तुझी हाक ऐकून धावत आलो तेव्हा तू अर्धा शिडीवर होतास. तू वर पाहिलंस आणि म्हणालास, "सुधाकर, दोर पाह्य." एवढंच. पंप ओढायचा दोर तू त्याच्या काखेतून घातलास, गाठ मारलीस, हात वर केलास. आम्ही ओढलं. तो वर आला, त्याच्या नाकावरचा दुपट्टा मी खाली ओढला, तो त्याच्या गळ्यातच राहिला. लाल काठ डोळ्याला दिसला, डोक्यात काही शिरलं नाही. मग दोर परत खाली सोडला. तो तुझ्याजवळ पोचला आणि तू तो धरला नाहीस.

मी उतरायला निघालो होतो, विलास. लोकांनी मला कंबरेला मिठी मारून मागे ओढलं. मी हात चावले त्यांचे. त्यांचं बरोबर होतं, मी उतरलो असतो तर आज हे सांगायलाही कुणी उरलं नसतं. पण रोज आंघोळ करताना त्या मिठीचे हात मला कंबरेवर जाणवतात, आणि जे बरोबर होतं ते मला अजून माफ करता येत नाही.

तोंडावर मास्क लावलेली माणसं आली, त्यांनी तुला वर आणलं, गाडीत घातलं. तेव्हाही सेन्सरवरचा दिवा हिरवा होता. गाडी गेटबाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, सेन्सर सुरू कर. तुझाच कम्युनिकेटर तिथं पडला होता, रबराच्या खोळीवर तुझ्या अंगठ्याने पडलेला काळा डाग. मी चिमटे लावले. घाईघाईने बटणं दाबत होतो, जोडणी होईना. मग तुझी गोष्ट आठवली आणि मी थांबलो, त्याला सवड दिली. जोडणी झाली. मी त्याला सोडलं आणि त्याच क्षणी आकडा उसळला, दिवा लाल झाला, सगळ्या प्लँटभर भोंगा वाजायला लागला. आता वाजून काय उपयोग होता? तरी तो बराच वेळ वाजत राहिला, आणि आम्ही सगळे खाली माना घालून ऐकत उभे राहिलो.

म्हणून मला तुझा रागही येतो. हे कुणापुढं बोलता येत नाही, तुझ्यापुढं बोलतो. एक फोन केला असतास तर कंट्रोल रूमने केशवला हटकलं असतं. एक पाटी लावली असतीस तर ती काढताना त्याने दहादा विचार केला असता, कारण पाटी नाकाला बांधता येत नाही. साहेबांचं सगळंच खोटं नाही. तुझा माणसांवर फार भरवसा होता, आणि तो तू कापडासारखा कुठंही टांगून ठेवायचास. मी मागच्या सीटवरून येणाऱ्या तुझ्या बडबडीला कंटाळून शेवटी शेवटी वाद घालायचंच सोडून दिलं होतं. तू जिंकलास असं समजत होतास. मी फक्त थकलो होतो.

तर चौकशीत मला विचारलं, खूण म्हणून काही लावलेलं होतं का? मी म्हटलं, होतं, दुपट्टा टांगला होता, मी बॉयलरकडे जाताना स्वतः पाहिला. मग गेला कुठं? मी खाली पाहिलं. केशवची बायको डोळ्यांसमोर आली, तिने दिलेलं स्टूल आलं. मी म्हटलं, "वारा होता साहेब. उडून गेला असन." ते लिहून घेणारे गृहस्थ खूश झाले. त्यांनी लिहिलं की खूण नीट बांधलेली नव्हती. वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली.

अशी मी एक मान वाचवली आणि दुसरी पुरती कापली. तू, जो साखरेच्या पुडीलाही दोन गाठी मारायचास, त्याला गाठ बांधता येत नव्हती असं माझ्या सहीने ठरलं.

कंपनीतल्या गोष्टी नंदनवनला पोचायला वेळ लागत नाही. काल संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवलं. डोळे कोरडे होते, आवाजही. "भाऊजी, गाठ सुटली म्हंते ते. खरं काय?" मी म्हटलं, वहिनी, आता त्याचा काय विचार करायचा. त्या म्हणाल्या, "मी त्याचाच करून राहिली विचार. आजवर त्यायनं बांधलेली गाठ मले कैचीशिवाय सुटली नाही. अन् वाऱ्यानं सुटली?" मी उद्याच्या स्वयंपाकाचं काहीतरी विचारून तिथून सटकलो. पाठीवर त्यांची नजर होती.

आज तेरवीला केशव आला. येऊ नको म्हणून मी निरोप दिला होता, तरी उमरेडच्या बसने आला. मांडवाच्या टोकाला, चपलांजवळ बसला. पत्रावळ घेतली नाही. मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून बसून राहिला. वहिनी पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होत्या, त्याच्यापाशी आल्या आणि थांबल्या. त्याने पिशवी पुढे केली.

आत तुझा दुपट्टा होता. धुतलेला, घडी केलेला. लाल काठ, वहिनींच्या माहेरचा, उमरेडच्या हातमागावरचा. त्या काठ पाहताच ओळखतील हे मला कळायला हवं होतं. घडीच्या मध्ये एक टेंगूळ होतं. वहिनींनी घडी उलगडली. दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. केशवच्या बायकोने धुताना त्या सोडायचा प्रयत्न केला, सुटल्या नाहीत, कापायला त्याने कापू दिल्या नाहीत.

"कुठी भेटला हा तुले?" वहिनींनी विचारलं. केशवने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्याने ऐकलं नाही. "म्याच काढला बाई. दिवा पाह्यासाठी. गाठ सुटून नोयती राहिली, म्हून वरून ओढला."

मला वाटलं, आता त्या ओरडतील, किंवा त्याच्या अंगावर धावून जातील, आणि गेल्या असत्या तर मी अडवलं नसतं. त्या गाठींवर अंगठा फिरवत राहिल्या. त्याला क्षमा केली असं मी म्हणणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मग त्या त्याला म्हणाल्या, "जेवून जाजो." आणि दुपट्टा घेऊन आत निघून गेल्या.

पंगत उठल्यावर मला आत बोलावलं. तुझ्या फोटोसमोर दिवा लावलेला होता, त्याच्याकडे पाठ करून त्या उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, चौकशीतलं सुद्धा. ऐकून म्हणाल्या, "उद्या माह्यासंगं साहेबाकडं चला. मी त्यायले गाठ दाखोतो."

मी म्हटलं, "वहिनी, दुपट्टा कुनी काढला ते विचारतीन."

"विचारू द्या. गाठ दाखवाची. मानूस नाही दाखवाचा." मग हळू आवाजात: "ज्याच्यासाठी गेले ते, त्याले पोलिसाच्या हाती देऊन मले काय भेटन?"

काय होईल मला ठाऊक नाही, विलास. माझी सही त्यांच्याकडे आहे, ती खोटी होती म्हणून सांगायचं म्हणजे माझंही काही खरं नाही. कुणी काढला ते सांगितलं नाही तर ते चिडतील. कदाचित गाठीकडे कुणी बघणारही नाही, दिवा लाल असो की हिरवा, त्यांनी पाहायचं ते आधीच पाहिलेलं असतं. पण वहिनी टाकीत वाकून पाहणाऱ्या आहेत, त्या त्यांनाही वाकायला लावतील असं वाटतं. आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. फोन तू करायला हवा होतास, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार, आणि मागच्या सीटवरून आता कुणी उलट उत्तर देणार नाही.

दुपट्टा मी मागून घेतला नाही, तो त्यांच्या कपाटात आहे, गाठींसकट. उद्या सकाळी मी गाडी काढीन, वहिनी मागे बसतील, आणि अख्खं नागपूर आडवं कापून आम्ही हिंगण्याला जाऊ. त्या काय बोलतील ते त्यांचं. मी एवढंच सांगणार आहे की मी खोटं बोललो, त्या दिवशी वारा नव्हता.